पहिला टोचा

सिस्टर : दोनदा तपासलं रक्त. दोन्ही वेळा तेच आलं.

पेंटर : बरं.

सिस्टर : बरं काय? एचआयव्ही आहे म्हणतेय मी. कळलं ना?

पेंटर : कळलं. बहिरा नाही मी. वाटत काही नाहीये, एवढंच. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं झालंय सगळं अंग.

सिस्टर : वाटेल सावकाश. रोज गोळी घेतलीत तर म्हातारे व्हाल. सहा वर्षांपूर्वी तुरुंगात आलात तेव्हाची चाचणी स्वच्छ होती. म्हणजे लागण इथलीच. नशा करता?

पेंटर : नाही.

सिस्टर : कोणाशी संबंध? मी रागवायला बसले नाही इथे.

पेंटर : नाही हो. सुई. गोंदायची.

सिस्टर : कोणाकडून गोंदवून घेतलंत?

पेंटर : मीच गोंदतो. पेंटर काय उगाच म्हणतात मला? खेळण्यातली मोटर, पेनाची रिफिल आणि सुई. अख्ख्या बराकीत एकच.

सिस्टर : धुता कशी?

पेंटर : फडक्यानं पुसतो. आधी जाळावर धरायचो, पण टोक काळं पडतं, शाई नीट उतरत नाही.

सिस्टर : पण टोचता तुम्ही दुसऱ्यांना. तुम्हाला कसं लागलं?

पेंटर : पहिला टोचा माझ्या मांडीवर. रिवाजच आहे माझा. समोरच्याला भरवसा वाटतो.

सिस्टर : म्हणजे आधीच्याचं रक्त तुमच्यात. आणि तुमचं पुढच्यात.

पेंटर : हं. भरवशापायी.

सिस्टर : शेवटचं कधी गोंदलंत?

पेंटर : आठवत नाही.

सिस्टर : आठवा. तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं तर लागण बहुतेक वेळा टळते. चौथ्या दिवशी माझ्या हातात काही राहत नाही.

पेंटर : नाव सांगितलं की सुई सापडणार. सुई सापडली की त्याची शिक्षेतली सूट गेली. तो उद्या सुटतोय, सिस्टर.

सिस्टर : कोण?

पेंटर : कोणी नाही.

सिस्टर : सुईबद्दल माझ्या कागदावर एक अक्षर येणार नाही. खोकला तपासायचाय म्हणून बोलावते.

पेंटर : मागचे डॉक्टरही एकाला असंच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं ताट वेगळं झालं.

सिस्टर : माहीत आहे. लाज वाटते मला त्याची. म्हणून तर आधी दार लावून घेतलं. उद्या सुटणाऱ्याच्या घरी कोण आहे?

पेंटर : बायको. सातवा महिना लागलाय, हा पाच महिन्यांपूर्वीच आत आला. आणि आमची आई.

सिस्टर : आमची?

पेंटर : धाकटा आहे माझा. त्याला नकोच होतं गोंदण, सुईला लहानपणापासून घाबरतो. मीच मागे लागलो. मी काय, इथेच आहे, माझ्या हातचं काहीतरी घरी घेऊन जा म्हटलं. आधी तू टोचून घे, म्हणाला. घेतलं. मग हसला आणि हात पुढे केला.

सिस्टर : कधी?

पेंटर : परवा. दुपारच्या जेवणानंतर.

सिस्टर : मग वेळ आहे. थोडा आहे, पण आहे. त्याला मात्र खरं सांगावं लागेल.

पेंटर : मी सांगतो. तुम्ही नका सांगू.

सिस्टर : बरं. (कागद पुढे ओढते.) नाव राहू दे. खूण सांगा.

पेंटर : डावं मनगट. 'आई' लिहिलंय. अजून सुकलेलं नाही, हळू धरा.