सुलभाचं पातळ

हसा हवं तर, पण ऐका. त्या दुपारी मी शेंगा सोलत बसलो होतो, तेवढ्यात लेकीला बँकेतून फोन आला की सोमवारपासून हजर व्हा. नात चार महिन्यांची. माझी बायको सुलभा जाऊन वर्ष होत आलेलं, म्हणजे बाळाजवळ थांबायला मी एकटाच.

सोमवारी लेक दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून गेली. मी ते कोमट केलं, पण नात चमच्याला तोंडच लावेना. रडून लालबुंद झाली. लेकीला कळवलं असतं तर ती नोकरी सोडूनच परतली असती. शेवटी शेजारच्या गंगव्वांना हाक मारली.

“आईचा वास पायजे की ओ तिला! पोरगी काय पांघरून पाजती?”

लेक सुलभाचं जुनं पातळ पांघरून पाजायची. तेच मी खांद्यावरून घेतलं.

“सर, पदर लई शोभतो की तुमाला!”

नात वाटीभर दूध प्यायली आणि मांडीवरच झोपली. गंगव्वा गेल्या, तरी मी उठलो नाही. पदराला दुधाचा वास होता, आणि त्याखाली थोडा सुलभाचाही.

आता नात वरणभात खाते. ते पातळ मी अजून धुवायला टाकलेलं नाही.