नकाशावरचा लाल ठिपका

(टपाल कार्यालयातली सरकारी माहितीची खिडकी; शेजारच्या खिडकीत टपालबाई.)

आई : जरा हळू बोला ना. मागे रांग आहे.

अधिकारी : हळू बोलण्यासारखं यात काय आहे, ताई? बालकांच्या वजनाची माहिती राज्याने सर्वांसाठी खुली केलेली आहे. आणि नाव कुणाचंही नाही. नाव, जन्मतारीख, घर क्रमांक, सगळं वगळलंय. तीन समित्यांनी तपासलंय.

आई : नाव नाहीये, कबूल. आता तुमच्या नकाशावर घड्याळवाल्यांची गल्ली काढा.

अधिकारी : ही काढली. लाल आहे. बरीच लाल आहे.

आई : बोट ठेवा तिच्यावर.

अधिकारी : दोन वर्षांखालील बालके, एक. कमी वजनाची बालके, एक. प्रमाण, शंभर टक्के.

आई : ते एक म्हणजे हे.

अधिकारी : कोण हे?

आई : हे काय, माझ्या मांडीवर. तुमचा शिक्का चाटतंय ते. शाई विषारी नसते ना?

टपालबाई : नसते. माझ्या दोघांनी खाल्लीय. धाकटा इंजिनियर आहे.

अधिकारी : टपालबाई, तुम्ही तुमची पाकिटं बघा. ताई, आकड्यात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज मिळतो.

आई : आकडा बरोबर आहे. तोच तर त्रास आहे. आमच्या गल्लीत लहान मूल हे एकच. बाकी सगळे निवृत्त, आणि दिवसभर फोन हातात. नकाशा आला त्या संध्याकाळी दारात केळ्यांचा ढीग. फळवाला पैसे घेईना. चावीवाले काका जिन्यात भेटले की आधी बाळाच्या मनगटाकडे बघतात, मग माझ्याकडे. वरच्या आजी म्हणाल्या, आम्ही कुणाला बोलणार नाही हो. बोलायला आता उरलंय कोण?

टपालबाई : केळ्यांचं काय केलंत?

आई : मीच खाल्ली. वजन वाढलं, पण माझं.

अधिकारी : नागरिक एकमेकांची काळजी घेताहेत, हे खरं तर या उपक्रमाचं यश—

आई : उद्या सासूबाई येतायत.

टपालबाई : साहेब, पाणी मागवा त्यांच्यासाठी.

आई : त्यांनी फोनवर विचारलं, तुमची गल्ली नकाशात लाल का गं? मी म्हटलं, रस्त्याचं काम चाललंय. चष्मा दुरुस्तीला टाकलाय म्हणून बारीक अक्षर दिसत नाही त्यांना. तो आज संध्याकाळी मिळणार. उद्या येऊन ठिपक्यावर बोट ठेवतील, आणि म्हणतील, तुला नोकरी सांभाळून जमत नाही, दोन महिने बाळाला मी घेऊन जाते. आणि आमचे हे आईसमोर फक्त मान हलवतात. कुठल्या दिशेला तेही कळत नाही. मला माझं बाळ घरात हवंय. तो ठिपका आजच्या आज काढा.

अधिकारी : असं तोंडी नाही काढता येत. आपण रीतसर तक्रार नोंदवा. मी लिहितो. तक्रारदाराचं नाव गुप्त. गल्ली, घड्याळवाल्यांची. विषय, बाळाचं वजन.

आई : ही तक्रार जाते कुठे?

अधिकारी : पोर्टलवर. तक्रारीही आम्ही खुल्या ठेवतो. पारदर्शकता.

टपालबाई : म्हणजे ज्यांना कळायचं राहिलंय, त्यांची सोय झाली.

अधिकारी : बरं, तक्रार खोडली. मी असं करतो, या गल्लीच्या आकड्याजागी फुली टाकतो. माहिती उपलब्ध नाही. झालं समाधान?

आई : खाली वॉर्डाचं एकूण दिलंय ना तुम्ही?

अधिकारी : अर्थात. एकुणाशिवाय तक्ता कसला?

आई : एकुणातून बाकीच्या गल्ल्या वजा केल्या की उरतं ते माझंच. सासूबाई बँकेत होत्या. वजाबाकी म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. उलट फुली बघितली की त्यांना वास येईल.

अधिकारी : हे समितीत कुणी बोललंच नाही.

टपालबाई : समितीत सासू कुणाची होती?

अधिकारी : थांबा जरा. आपला नियम स्पष्ट आहे. पाचापेक्षा कमी संख्या असेल तर लगतच्या गल्लीत मिळवावी. मग ही गल्ली सुटली कशी? ... अच्छा. गल्लीत माणसं किती ते पाहिलं आम्ही. मुलं किती ते पाहिलंच नाही.

आई : मग आता मिळवा.

अधिकारी : शेजारी बेकरीची गल्ली. नऊ मुलं, कमी वजनाचं एकही नाही. मिळवलं की दहात एक. हा घ्या, रंग बदलला. फिकट पिवळा. उगीच डोळ्यांत भरत नाही.

आई : खरंच की. बघ रे बाळा, आपण पिवळे झालो. ... नर्स कशी येणार मग?

अधिकारी : कोण नर्स?

आई : दर मंगळवारी येतात. लाल गल्ल्यांमध्येच जातात म्हणाल्या. ठिपका लाल होता म्हणून आल्या ना त्या. पहिल्या दिवशी मी दारच उघडत नव्हते. पण सबंध गल्लीत ती एकच बाई अशी आहे, जी बाळाचं वजन बघते आणि मग माझ्याकडे बघून विचारते, तुम्ही झोपता का? पिवळं झालं तर त्या बेकरीच्या गल्लीत जातील, नाहीतर कुठेच नाही. मग राहू दे. लालच ठेवा. सासूबाईंचं मी बघेन काहीतरी.

टपालबाई : काय बघणार? पुन्हा रस्ता खणणार?

अधिकारी : ताई, ऐकून घ्या. नर्सबाईंकडे हा नकाशा नसतोच. त्यांची यादी आतली, पासवर्डची. तिथे तुमची गल्ली लालच राहील. बाहेर सगळ्यांना पिवळी दिसेल. आत लाल, बाहेर पिवळी. याचसाठी तर आहोत आम्ही इथे. म्हणजे, असायला हवं होतं.

आई : नक्की? मंगळवार चुकणार नाही?

अधिकारी : नाही चुकणार. हे बघा, तुमच्यासमोर बटण दाबतोय. पाच मिनिटांत सगळीकडे बदलेल.

आई : पाच मिनिटं बसते मग. बदललेलं बघूनच जाते.

टपालबाई : तोवर आणा त्याला इकडे. पार्सलचा काटा रिकामाच आहे. कागद अंथरते.

आई : नको. मंगळवारी होईलच ना. आणि आत्ताच शिक्का चाटलाय त्याने.

टपालबाई : शाईचं काही वजन नसतं. आणा.

आई : कडेने हात धरा हं. वाऱ्यात नाही ना हा काटा? ... मी नाही बघत. मागच्या मंगळवारचं मला पाठ आहे.

(बाळ काट्यावर. रांगेतली दोन माणसं माना उंच करून बघतात.)

टपालबाई : हं. वाचते—

अधिकारी : थांबा. मोठ्यांदा नको, टपालबाई. तुम्ही सगळे जरा तिकडे बघा. ताई, मागच्या मंगळवारी किती होतं म्हणालात?

आई : मी नाही म्हणाले अजून.

अधिकारी : बरोबर. मग कान इकडे करा.