रेडिओवरचा नंबर

हसू नका, पण बाबांच्या जुन्या गाडीतला रेडिओ कुठल्या मॉडेलचा, तेच मला कळेना. डहाणूचे जयेशभाई असले रेडिओ मागे ठोकलेल्या नंबरावरून ओळखतात, म्हणून त्यांना तलासरीला घरी बोलावलं. भिंग लावून त्यांनी वाचलं, "एम आर चौदा." तासभर वह्या चाळल्या. "असा नंबर कुठल्याच कंपनीचा नाय!"

आई चहा घेऊन आली. "एम आर म्हणजे मालती रमेश. चौदा आमच्या लग्नाची तारीख. गाडी गॅरेजला जायची होती, तिथे रेडिओ बदलला तर? म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून घालून घेतलं."

"मग कंपनीचा नंबर कुठे गेला?" जयेशभाईंनी विचारलं.

"तो आधी घासून काढायला लावला. नाहीतर आपला रेडिओ ओळखायचा कसा?"