नातेवाईक आणि फळ्या

अरे, जुनी होडी दुरुस्त करायची ना, तर आधी नातेवाईक बाजूला काढावे लागतात, फळ्या नंतर.

वर्सोव्याला आमच्या आजोबांची होडी आहे. नारळी पौर्णिमेआधी तिच्या कुजलेल्या फळ्या काढायला मी पहार लावली, तोच काका ओरडले, "ती नको! तिच्यावर आमचे बाबा बसायचे."

दुसरीला हात लावला, तर आत्या रडायलाच लागली. "मी नवरी होऊन ह्याच फळीवरून उतरले रे!"

"मग काढू तरी काय?"

दोघं एका सुरात म्हणाले, "गेल्या वर्षी तू ठोकलीस ती नवी फळी. जुन्या होडीला शोभत नाही."

काढली, यार.

पौर्णिमेला आम्ही सगळे थाटात होडीत बसलो. नारळ वाहायला काकांना वाकावंही लागलं नाही. होडीतच सोडला. झकास तरंगला!