आईची पुरवणी

परीक्षा केंद्रासमोरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. दप्तर लेकीच्या पाठीवर होतं, पण पेपर आईचा होता.

“नंबर नीट टाकलास ना, आई?”

“टाकला गं. दोनदा बघितला.”

“एका खुनावरून पहिलं महायुद्ध कसं पेटलं, ते आलं होतं?”

“आलं होतं. लिहिलं की, सगळे एकमेकांना आधीच शब्द देऊन बसले होते. एक उठला, की त्याच्यामागे दुसरा उठला. आपल्या नळावरच्या भांडणासारखं.”

“नळ लिहिलास?”

“कंसात.”

“आई! पण बरोबर आहे गं. आणि भाव का वाढतात?”

“माल तेवढाच आणि गिऱ्हाईक जास्त, म्हणून. शाळा उघडायच्या आठवड्यात माझी शिलाई नाही का वाढत?”

“आणि व्याख्या?”

“व्याख्येने ऐन वेळी दगा दिला. मग गणवेशाचं उदाहरण दिलं, चांगलं पानभर.”

“पानभर? मागच्या वेळी कोरा पेपर देऊन आली होतीस तू.”

“म्हणून तर सांगतेय. आज मी पुरवणी घेतली.”

“तू? पुरवणी?”

“अख्ख्या वर्गात पहिला हात माझा. अगं, रडतेस काय वेडे?”

“हसतेय मी. पण नीट बांधलीस ना? दोरा सुटला तर पान हरवेल.”

“वीस वर्षं लोकांच्या शर्टांना बटणं लावतेय मी. कागद फाटेल एक वेळ, माझी गाठ सुटायची नाही.”