दहापैकी दहा

नाही, तुम्हीच सांगा, बांगड्यापायी कुणी माणसाला त्याच्याच घरात असं कोंडतं का? कोंडलंय म्हणजे कडी घातलेली नाही हां, दार सताड उघडं, फाटकाबाहेर नुस्तेवालीची स्कूटर उभी, मागच्या पेटीत बर्फावर ताजे बांगडे, ती हॉर्नवर हॉर्न मारतेय, आणि मी इथे सोप्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलोय... का? तर माझं मन ताब्यात आहे. दहापैकी दहा!

झालं काय, बायकोची भाची, डिचोलीची गौरवी, ती पीएचडी करते. विषय, गिऱ्हाईक आणि आत्मसंयम. म्हणजे मीठ आणायला गेलेला माणूस बादली घेऊन का येतो, याचा अभ्यास. आता पेडण्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान, गिऱ्हाइकाचा मोह मला कोण शिकवणार? म्हटलं, "बाय, ब्लाऊजपीस घ्यायला आलेली बाई साड्या घेऊन जाते, तुझ्या काकाचं घर त्याच्यावर उभं आहे. लोकांना मनावर ताबाच नाही." इथे गप्प बसायचं ना? ती हळूच म्हणते, "आणि तुमचा, काका? दहापैकी किती?" आता लोकांना नावं ठेवून तोंड अजून सुकलेलं नाही, तिथे काय चार म्हणू? म्हटलं दहा. दहापैकी दहा!

तर अशी गोड हसली. "दहावाले फार कमी मिळतात हो. त्यांनाच मी पुढच्या टप्प्यात घेते. सगळ्यांत आवडता जिन्नस महिनाभर आणायचा नाही, खायचा नाही." मी लगेच म्हटलं, पडवळ. तेवढ्यात आतून खोबरं किसता किसता आमची पद्मावती, "त्यांचा काय आयकतंस गे? नुस्त्याबगर ह्यांका घास उतरत नाय. नुस्तें लिही." लिहिले की हो तिनं मासे!

मग रोज संध्याकाळी फोनवर गौरवीचा प्रश्न, "काका, आज मोह झाला का?" मी कळवतो, नाही. अहो, सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला तरी मी नुस्तेवाली समजून ताट घेऊन फाटकापर्यंत जाऊन येतो! आणि मन इकडे दाबलं की तिकडे उसळतं. शुक्रवारी म्हापशाला केळी आणायला गेलो, ते केरसुण्या, छत्री आणि एक पिंजरा घेऊन आलो. पोपट नाही हां, नुसता पिंजरा. गौरवीला केवढा आनंद, म्हणे हेच तर मला सिद्ध करायचं होतं. तिचं सिद्ध होतंय, माझं वरण-भात होतंय.

बरं, पद्मावती रोज दुपारी शेजारच्या चंद्रावतीकडे भजनाला. एक दिवस तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हाताला वास... तिरफळाचा. बांगड्याच्या हुमणात घालतात ते तिरफळ. म्हटलं, भजनात हे कधीपासून घालायला लागले? तर शांतपणे म्हणते, "माकाय विचारल्यान गौरवीन. मी चार सांगलंय. चारवाल्यांका सोडल्यान. तुमका वास येव नये म्हणान थंय जेवतंय." ऐकलंत? चारवाली हुमण ओरपतेय, आणि दहावाला पिंजऱ्याकडे बघत बसलाय!

आज महिना संपला. गौरवी आली, निकाल ऐकायला शेजारची चंद्रावतीही आली. मी ठरवलं होतं, आता खोटं नाही, दोन म्हणायचं, एक म्हणायचं, हवं तर शून्य म्हणायचं. तिनं विचारलं, "बोला काका, दहापैकी किती?" मी तोंड उघडलं, आणि मागून पद्मावती चंद्रावतीला म्हणते, "माका वाटलेला, आठ दिस रवचे नाय. पण ह्यांनी करून दाखवल्यानी गे. असो माणूस पेडण्यात नाय."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती माझं कौतुक करत होती. चारचौघांत. खरं सांगतो, बरं वाटलं हो. घशात काटा अडकल्यासारखं झालं, आणि काटा तरी कुठून येणार, महिनाभर घरात मासा नाही... आणि तोंडातून निघालं, "दहा."

"शाब्बास काका," गौरवी म्हणाली, "आता तिसरा टप्पा. तीन महिने."

ती बघा, गेली स्कूटर. तो पिंजरा मी परत करायला नेणार होतो. आता म्हटलं, राहू दे... लागेल.