फाटणारी ताडपत्री

हसू नका बे, तुमी त्या टेम्पोत न्हवता. दुष्काळात दूध सोसायटीनं लिंबागणेशच्या माळावर चारा छावणी काढली, तवा आमी नवरा-बायको बैलं घेऊन तिथंच मुक्कामाला गेलतो. रातीला टेम्पोत निजायचं आन टपाला बांधलेल्या ताडपत्रीच्या सावलीत बैलं.

ताडपत्री घेताना बायको म्हणली, "सादी घ्या, सुतळीनं बांधू."

"वळवाच्या वाऱ्यात सादी टिकती व्हय?" म्हणून मी जाड, लोखंडी कड्यांची घेतली. दुकानदार म्हणला, "फाटली तर बदलून देतो." ती मी तारेनं करकचून आवळली.

आठव्या दिवशी दुपारी मी बैलांना पाणी पाजून आलो आन वावटळ उठली. ताडपत्री नावेच्या शिडावानी फुगली, चाकाखालचा दगड निसटला आन बायकोसकट टेम्पो सरकाय लागला. पुढं कठडा नसलेली कोरडी विहीर! तार सोडाय गेलो तर बोटं कापली, पण पीळ सुटंना. जल्मात पहिल्यांदा देवाला म्हणलो, "फाटू दे रं बाबा!" ती कशाची फाटती!

हौद्यातून बायको वरडली, "अवं, बाजूला व्हा!" तिनं ऊसतोडीच्या कोयत्यानं ताडपत्री उभी चिरली. टेम्पो विहिरीच्या हातभर अलीकडं थांबला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच दुकानात गेलतो. दुकानदारानं इचारलं, "मागची कशी निघाली?"

"लई पक्की," बायको म्हणली. "आता फाटणारी दाखवा."